नांगरावरचे तास

ते जहाज पहिल्यांदा काकीला दिसलं. माडीवर कपडे वाळत घालायला गेली होती, तिथूनच तिने हाक मारली, "अगो, वर ये लवकर. तुझं गिऱ्हाईक आलंय!"

घरच्या मंडळींना या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. मी गेली वीसेक वर्षं पोटासाठी जे नाना हिशेब करते, त्यातला एक म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजांच्या धुराचा हिशेब. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय?" तर मी हे सांगते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे धुराड्याला काही यंत्र लावता का?" नाही लावत. वर्षाला शेकडो जहाजं येणार, त्यातली कितीतरी परदेशी, कोण कुणाला धुराड्यात हात घालू देतंय! हा धूर न बघता, न हुंगता, कागदावर काढायचा असतो. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं, त्याची आता सवय झालीय.

तर यंदा दिवाळी आटोपल्यावर चार-पाच दिवस भाट्याला काकांकडे राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट.

भाट्ये ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रत्नागिरीहून पावसकडे निघालं की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल लागतो. अलीकडे राजिवड्याच्या होड्या, पलीकडे भाट्ये. मग लांबलचक वाळू, सुरूचं बन, कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आणि शेवटी झरी विनायकाचं देऊळ. वाळूत उभं राहून समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला मांडवी आणि तिच्या मागे रत्नदुर्गाच्या डोंगरावरचं दीपगृह. किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला भगवती बंदर आणि मिरकरवाडा. दक्षिणेला रनपारचा धक्का. भाट्याला मोठी जहाजं लागतील असं काही नाही. भाट्याच्या वाट्याला येतं ते फक्त लांबून बघणं.

काका म्हणजे भाऊकाका. वय ऐंशी. १९६७ साली वायपर म्हणून बोटीवर चढले आणि २००१ साली फिटर म्हणून उतरले. चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये. आपल्याकडे 'बोटीवर आहे' म्हटलं की लोकांना पांढरा गणवेश आणि परदेशी साबण आठवतो. काकांच्या वाट्याला आलं ते पंचेचाळीस अंशांतलं ग्रीस. आता सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझरची वाफ घ्यावी लागते. डॉक्टर विडीला दोष देतात, काकी इंजिनरूमला देते, काका दोघांनाही देत नाहीत.

मी माडीवर गेले. क्षितिजाच्या थोडं अलीकडे एक राखाडी जहाज उभं होतं. हलत नव्हतं. धुराड्यातून धूर दिसतोय म्हणावं तर दिसत नव्हता, नाही म्हणावं तर तिथली हवा जरा थरथरत होती.

"कधीपासून हाय?" काकांनी खालूनच विचारलं. त्यांना आता जिना चढवत नाही.

"सकाळी उठले तेव्हा होतं," काकी म्हणाली.

"हलतंय की नांगरलंय?"

"नांगरलंय."

मग काका जे म्हणाले त्यावरून हा सगळा लेख. ते म्हणाले, "बाय, तुझ्या हिशेबात हे येतं काय गो?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

---

आधी हा हिशेब कसा करतात ते सांगायला हवं. कंटाळा येणार नाही असं बघते.

समजा, एखाद्या घरात महिनाभरात किती गॅस जळला हे काढायचंय. एक मार्ग सोपा. सिलेंडर मोजायचे. जहाजांच्या बाबतीतही पूर्वी हेच करत. बंदरात किती तेल विकलं गेलं ते बघायचं आणि टनामागे इतका धूर असं गुणायचं. पण जहाज तेल भरणार सिंगापूरला नाहीतर फुजैराला, आणि जाळणार आपल्या दारात. सिलेंडर एका घरी आणि स्वयंपाक भलत्याच घरी. अख्ख्या जगाचा हिशेब करायचा तर ही पद्धत चालते, एका बंदराला चालत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. शेगडी केवढी आहे, ज्योत किती मोठी ठेवलीय, किती वेळ जळली आणि त्या शेगडीला गॅस किती लागतो, हे बघायचं. जहाजाचं तसंच. इंजिनाची ताकद किलोवॅटमध्ये, त्यातला किती भाग वापरात होता, किती तास, आणि एका किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम प्रदूषण. चार आकड्यांचा गुणाकार, बस्स. चौथीतल्या पोराला येईल.

जहाजावर शेगड्या तीन असतात. जहाज पुढे ढकलणारं मुख्य इंजिन, वीज करणारे जनरेटर आणि वाफ करणारा बॉयलर. खोल समुद्रात मुख्य इंजिनाचा जोर असतो. बंदराजवळ आलं की वेग कमी होतो, आणि इथे एक गंमत आहे. इंजिनावरचा भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा केला की भार एक-अष्टमांश होतो. ऐकायला छान वाटतं, पण इतक्या कमी जोरावर इंजिन नीट जळत नाही, आणि दर किलोवॅट-तासामागे काजळी उलट वाढते. मंद आचेवर ओली लाकडं घातल्यासारखं. त्याचीही वेगळी दुरुस्ती हिशेबात करावी लागते. मग जहाज धक्क्याला लागतं आणि मुख्य इंजिन बंद होतं. आपल्याला वाटतं, झालं, झोपलं.

हे मी एकदा काकांना असंच समजावून सांगत होते, पुष्कळ वर्षांपूर्वी. तेव्हा ते हसले होते. "जहाज धक्क्याला लागलं म्हणजे झोपलं असं वाटतं काय गो तुला? दिवे कोण लावणार? पंप कोण चालवणार? जेवण कशावर शिजणार?" जनरेटर बंद होतच नाहीत. टँकर असेल आणि माल वाफेच्या पंपांनी उतरवायचा असेल तर बॉयलर समुद्रात चालत नाही इतका धक्क्यावर चालतो. स्वतःच्या क्रेन असलेलं जहाज माल काढायला लागलं की एकाचे दोन जनरेटर होतात. आणि पायलट चढायच्या आधीच दुसरा जनरेटर जोडून ठेवायचा, कारण ऐन वळणावर वीज गेली तर जहाज धक्क्यावर आपटेल. बॉयलरच्या नळ्यांत साठलेली काजळी झाडायची ती मात्र भर समुद्रात, बहुतेक रात्री. "बंदरात केलं तर कप्तान ओरडतो, नि दिवसा केलं तर डेकवर रंग मारणारे ओरडतात."

यातलं बरंचसं पुस्तकांतही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने बंदरांसाठी या हिशेबाची पद्धत २००९ साली बांधून दिली, लॉस एंजेलिस बंदर तर दरवर्षी असा हिशेब प्रसिद्ध करतं. त्यात तक्ते असतात: अमुक प्रकारचं, अमुक आकाराचं जहाज धक्क्यावर असताना जनरेटरवर इतके किलोवॅट. पण ते तक्ते कुणातरी खलाशांना, इंजिनीअरांना विचारूनच केलेले. म्हणजे गुणाकारातल्या चार आकड्यांपैकी इंजिनाची ताकद नोंदणीच्या यादीत मिळते, ग्रॅमचा आकडा प्रयोगशाळेतून येतो, तास बंदराच्या वहीत मिळतात, आणि 'ज्योत किती मोठी होती' हे शेवटी भाऊकाकांसारख्या माणसाला ठाऊक असतं.

तास बंदराच्या वहीत मिळतात असं मी आत्ता सहज म्हणाले. घोडं तिथेच पेंड खातं.

---

२००७ साली मी एका लहानशा सल्लागार कंपनीत होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या विस्ताराचं काम आलं होतं. कुठलं ते सांगत नाही, कंपनीही नाही. हवेच्या प्रदूषणाचं प्रकरण माझ्याकडे होतं. त्या काळी अशी कामं फार कुणी केलेली नव्हती, आणि मी परदेशातले अहवाल इंटरनेटवरून उतरवून रात्र रात्र वाचत बसायचे. जग आपल्याच खांद्यावर आहे असं वाटायचं ते वय. :)

बंदराने वह्या दिल्या. पायलट कधी चढला, दोर कधी बांधला, दोर कधी सोडला, पायलट कधी उतरला. मी वर्षभराच्या नोंदी संगणकात घातल्या. माझ्या तक्त्यात पाच रकाने होते: प्रवासात, मंद वेगात, धक्क्याला लागताना, धक्क्यावर आणि नांगरावर. पहिले चार भरले. पाचव्यासाठी वहीत काहीच नव्हतं. जहाज बाहेर येऊन किती दिवस वाट बघत उभं होतं, ते बंदराची वही लिहीतच नव्हती. वही पायलटपासून सुरू व्हायची.

मी पाचव्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. अहवाल तपासताना वरिष्ठ म्हणाले, "एवढा सुंदर तक्ता, आणि हे काय मध्येच? बेरीज कशी करायची मग?" बरोबरच होतं. अक्षरांची बेरीज होत नाही. मी तिथे शून्य टाकलं.

कुणी दडपण आणलं नाही, कुणी पैसे चारले नाहीत. बेरीज व्हावी म्हणून टाकलं. शून्य टाकायला एक सेकंद लागतो.

बेरीज झाली. रस्त्यावरचे ट्रक, माल हाताळताना उडणारी धूळ आणि जहाजं अशी तुलना झाली, आणि 'जहाजांचा वाटा नगण्य आहे' हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं. पुढे जनसुनावणी झाली. बंदराच्या शेजारी, समुद्राच्या बाजूला, एक कोळीवाडा होता. तिथली एक बाई उठली. साधारण माझ्या आईच्या वयाची. ती म्हणाली, दुपारच्याला तेलाचा वास येतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. उत्तर द्यायला मलाच उभं केलं. मी तक्ता दाखवला आणि सांगितलं की जहाजांचा वाटा नगण्य आहे, ठिपके ट्रकच्या धुराचे असावेत.

"ट्रक तिकडे आहेत," ती हात करून म्हणाली. ट्रकचा रस्ता वाड्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला होता.

मी पुन्हा तक्त्याकडे बोट केलं. ती खाली बसली. हवा मोजायची यंत्रं पुढे रस्त्याच्या फाटकाशी लागली, कारण अहवालाप्रमाणे प्रदूषण तिथे होतं. वाड्याकडे लागली नाहीत.

शाळेच्या भूगोलात सगळेच शिकतो: दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री उलट मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. दुपारी समुद्राच्या बाजूच्या वाड्यात तेलाचा वास येत असेल तर तो कुठून येतो हे सांगायला पर्यावरणातली पदवी लागत नाही. माझ्याकडे पदवी होती आणि आकडाही होता. तिच्याकडे फक्त धुणं होतं.

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं म्हणा. अहवाल मंजूर झाला, मला पगारवाढ मिळाली.

---

काकांच्या प्रश्नाला मी खाली येऊन उत्तर दिलं. म्हटलं, "हल्ली धरतो आम्ही नांगरावरचे तास. तेव्हा नव्हते धरले." आणि मग ती शून्याची गोष्ट सांगितली. काका ऐकत होते. नेब्युलायझरचा घरघर आवाज चालला होता. तोंडावरचा मास्क काढून ते म्हणाले, "कपाटात खालच्या खणात बिस्किटांचा डबा हाय, तो आण."

डब्यात खिशात मावतील अशा वह्या होत्या. चौतीस वर्षांच्या नाहीत, पण वीसेक असतील. ओव्हरटाइमच्या. एका कंपनीने सुरुवातीच्या काळात त्यांचे जादा कामाचे पैसे बुडवले होते, तेव्हापासून ते स्वतः नोंद ठेवू लागले. प्रत्येक दिवसापुढे जहाज कुठे आहे ते एका शब्दात, कारण समुद्रातला आणि बंदरातला हिशेब निराळा. 'सी.' 'जेटी.' 'अँकर.'

दुपारी जेवणं झाल्यावर मी १९८२ ची वही घेऊन बसले. तेव्हा मुंबई बंदरात जागा मिळायला जहाजांना दिवसेंदिवस बाहेर थांबावं लागे. ती गर्दी हलकी व्हावी म्हणून पलीकडे न्हावा-शेवाचं बंदर उभं राहिलं, ते १९८९ साली सुरू झालं. वहीत 'अँकर, अँकर, अँकर' अशी ओळच्या ओळ होती. मी बोटाने मोजलं. त्या वर्षी काका जहाजावर होते त्यातले ६१ दिवस धक्क्यावर आणि ७४ दिवस नांगरावर.

एका माणसाच्या एका वर्षाच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हे मला धंद्यामुळे चांगलं ठाऊक आहे. पण त्या ७४ दिवसांपुढे माझं शून्य ठेवून बघितलं आणि वही मिटली.

"कंटाळा यायचा का हो नांगरावर?" मी विचारलं.

"कंटाळा कसला? जनरेटर चालू म्हणजे वॉच चालू. उलट वारा नसला की आमचाच धूर आमच्याच डोक्यावर. जहाज पुढे जात असलं की धूर मागे तरी राहतो."

---

ते जहाज सोमवारी दिसलं ते शुक्रवारपर्यंत तिथेच होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि काकांनी त्याचा हिशेब केला. काकी म्हणाली, "तुमची वाफ घ्यायची वेळ झाली," तर काका म्हणाले, "थांब, हापिसचं काम चाललंय."

काकांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं: लहान बल्कर, क्रेन बंद, एक जनरेटर, तीनशे किलोवॅट धर. पाच दिवस म्हणजे १२० तास. झाले ३६,००० किलोवॅट-तास. जनरेटरला किलोवॅट-तासाला साधारण २२० ग्रॅम तेल लागतं, म्हणजे आठ टनांच्या आसपास. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुमारे २५ टन. नायट्रोजनची ऑक्साइडं, किलोवॅट-तासाला १२ ग्रॅम धरली तर, ४३० किलो. गंधकाचं बघायचं तर तेलात किती गंधक यावर सगळं. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या तेलात अर्ध्या टक्क्याहून जास्त गंधक चालत नाही (धुराड्यात धूर धुणारं यंत्र बसवलं असेल तर गोष्ट वेगळी). मर्यादेइतकं धरलं तर ७८ किलो सल्फर डायऑक्साइड. २००७ साली मी २.७ टक्के धरत होते, कारण तीच त्या काळी सर्रास धरली जाणारी सरासरी होती. त्या तेलावर हाच आकडा ४२० किलो झाला असता.

"म्हणजे बराच सुधारला की धंदा," काका म्हणाले. त्यांच्या वेळचं तेल डांबराच्या भावंडासारखं. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जातच नसे.

सुधारला हे खरंच. पण आपल्या रस्त्यावरच्या डिझेलमध्ये एप्रिल २०२० पासून गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग असतं. जहाजाच्या अर्धा टक्का तेलात त्याच्या पाचशे पट. या एका उभ्या जहाजाने पाच दिवसांत जेवढं गंधक जाळलं, तेवढं जाळायला ट्रकना जवळजवळ चार हजार टन डिझेल लागेल. आणि सुनावणीत मी बोट दाखवलं होतं ते ट्रककडे!

इथे एक मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या गावात कुणीतरी माझं नाव घेऊन भलतंच बोलेल. धुराड्यातून किती निघालं आणि माणसाच्या नाकात किती गेलं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका जहाजाचा हा धूर मोकळ्या समुद्रावर पसरतो, विरतो. भाट्याच्या हवेला त्याने काही झालं असं मी म्हणणार नाही, आणि काकांच्या खोकल्याशी तर त्याचा काही संबंध नाही. पण मोठ्या बंदराबाहेर अशी वीस-तीस जहाजं उभी असतात, वर्षाचे बारा महिने, आणि वारा रोज दुपारी ठरल्या वेळी किनाऱ्याकडे येतो. जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अंदाज मांडला होता की जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे ६०,००० माणसं हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आजारांनी अकाली जातात, आणि त्यातली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांलगत. २००७! मी शून्य टाकलं तेच वर्ष. तो लेख मी नंतर वाचला. दक्षिण आशियाचा किनारा म्हणजे कोण, हे कळायला मला नकाशा लागला नाही.

---

हल्ली हे काम पुष्कळ सोपं झालंय. मोठ्या जहाजांवर स्वतःचं नाव, जागा, वेग सतत कळवणारं यंत्र असतं. फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या लोकांनी २००९ साली त्या नोंदींवरूनच धुराचा हिशेब करणारी रीत मांडली, आणि आता जगाचा हिशेबही तशाच नोंदींवरून होतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे २०१८ साली माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के जहाजांचा होता. नांगरावर उभं असलं तर ते यंत्र तसंही कळवतं. पाचवा रकाना भरता येतो. भरायचा मात्र आपल्यालाच असतो.

आणि तो न भरण्याने नुसती बेरीज चुकत नाही, उपायही चुकतो. आपल्या केंद्र सरकारने २०२३ साली बंदरांसाठी 'हरित सागर' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात जहाजाला धक्क्यावरून वीज द्यायची, म्हणजे त्याला जनरेटर बंद करता येतील, असा एक भाग आहे. चांगलीच गोष्ट आहे. (ती वीज कोळशाची असली तर धूर दुसऱ्या गावी जातो, पण ते पुन्हा कधीतरी.) आता नांगरावरच्या जहाजाला वायर कुठून लावणार? त्याला उपाय वेगळा. धक्का मोकळा कधी होणार ते आधीच कळवायचं, म्हणजे जहाज वाटेतच वेग कमी करून वेळेवर येईल, धावत येऊन दाराशी ताटकळणार नाही. तेलही वाचतं. हे सुचायला ताटकळणं आधी कुठेतरी लिहिलेलं हवं.

उभ्या जहाजाकडे कुणाचं लक्षच नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा भगवती बंदराजवळचं 'बसरा स्टार' नावाचं जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं. मग अख्खी रत्नागिरी ते बघायला गेली, फोटो काढून आली. आमची काकीसुद्धा. त्याच्या आदल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं की समुद्रात किती जहाजं उभी आहेत, तर एकालाही सांगता आलं नसतं.

---

पुण्याला परत आल्यावर जुना अहवाल शोधला. माळ्यावर होता, कसर लागलेला. पाचव्या रकान्यात माझं नीटनेटकं शून्य. मी तो तक्ता पुन्हा केला. प्रत्येक जहाज सरासरी एक दिवस बाहेर थांबलं असं धरलं तर जहाजांचा एकूण आकडा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. तीन दिवस धरले तर दुपटीला टेकतो. खरं काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. पण 'नगण्य' हा शब्द दोन्हीकडे बसत नाही, एवढं कळलं.

ज्या कार्यालयाकडे तो अहवाल गेला होता तिथे एक पत्र पाठवलं. काय चुकलं, कुणी चुकवलं, आणि वाड्याच्या बाजूला एक यंत्र लावून बघावं, इतकंच. नवरा म्हणाला, "इतक्या वर्षांनी? लोक हसतील." हसोत. उत्तर अजून आलेलं नाही. त्या बाईंचं नाव सुनावणीच्या इतिवृत्तात असेल, पण त्या आता असतील की नाही कोण जाणे.

ऑफिसात माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत, हुशार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय की तक्त्यात शून्य टाकायचं असेल तर बाजूला कारण लिहायचं. 'मोजलं आणि शून्य निघालं' असं लिहिता आलं तरच शून्य. नाहीतर 'माहिती नाही' असं अक्षरांत लिहायचं आणि खाली किती कमी, किती जास्त असू शकेल ते द्यायचं. बेरीज होत नाही म्हणून ती दोघं कुरकुरतात. कुरकुरू देत.

भाट्याहून निघाले त्या शनिवारी सकाळी समुद्र रिकामा होता. जहाज रात्रीच गेलं होतं. काका स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयपाशी उभे होते. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक चौकोनात, एकादशी आणि दुधाच्या हिशेबाच्या मधल्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात 'अँकर' लिहिलं होतं. शनिवारच्या चौकोनात 'पहाटे ४, दिवा नाही.' पहाटे चारला ते खोकल्याने जागे होतात, ते मला माहीत होतं.

परवा काकीने मोबाईलवर फोटो पाठवला. कालनिर्णयाचंच पान होतं. मंगळवारच्या चौकोनात काकांचं अक्षर, 'अँकर, २ जहाजं.' खाली काकीने लिहिलं होतं, "गिऱ्हाईकं वाढली. तू कधी येतेस?"